माळकऱ्यानं घेतलेला जवळा

आचाऱ्याला लोक 'महाराज' म्हणतात आणि बसवतात मात्र धुरात. कारंजा लाडमध्ये आणि आसपासच्या खेड्यांत माझी उभी हयात अशीच, महाराज म्हणवून घेत आणि डोळे पुसत गेली. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, मोठमोठ्या लग्नांतले अनुभव लिहा. पण खरं सांगायचं तर मोठ्या लग्नात आचाऱ्याला अनुभव येत नाहीत, नुसती घाई येते. नवरीचं तोंड मी क्वचितच पाहिलं असेल. भाताचं पाहिलं.

ज्यांनी मोठा स्वयंपाक केला नाही त्यांना वाटतं की शंभर माणसांचा स्वयंपाक म्हणजे चार माणसांचा पंचवीस वेळा. तसा हिशेब करून मीठ टाकलं तर पंगत पानावरून उठून विहिरीकडे पळेल. मीठ डोळ्यांनी मोजायचं असतं आणि ते एकाच हातानं पडलं पाहिजे, हा आमच्या धंद्यातला पहिला कायदा. एका लग्नात नवऱ्या मुलाचे मामा आणि मुलीचे काका, दोघांनीही माझी नजर चुकवून वरणात मूठभर मीठ टाकलं. दोघांनाही मला मदत करायची होती. त्या वरणावरून झालेलं भांडण दोन्ही घरांत अजून चालू आहे, आणि दोन्हीकडे दोष माझाच आहे यावर मात्र त्यांचं एकमत आहे.

अनुभव यायचे ते सहलीत. सत्तरच्या दशकात, वाशीम हा जिल्हा व्हायच्या कितीतरी आधी, आमच्या भागात सहलीचं वेड शिरलं. तूर विकली गेली आणि लग्नसराई अजून लांब असली की चार लोक वर्गणी गोळा करायचे, बस ठरवायचे, आणि बाहेरचं खाणं पोटाला बाधतं म्हणून एक आचारी बरोबर घ्यायचे. मला बसमध्ये जागा मिळायची ती मागच्या बाकावर, भाताचा गंज आणि कढई यांच्या मधे. सगळा महाराष्ट्र मी असा उलट्या दिशेनं पाहिला आहे. पुढचे लोक म्हणायचे, "आला, आला," आणि मला दिसायचा तो गेलेला.

समुद्राची सहल निघाली ती मोठ्या दुष्काळानंतर दोनतीन वर्षांनी. माणसं बहुतेक इंझोरीची. खरं ठिकाण मुंबई होतं. समुद्रकाठच्या एका जुन्या कोळीगावात एका रात्रीचा मुक्काम, सकाळी समुद्रस्नान, आणि मग मुंबई. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. आता तिथं पुष्कळ लोक जातात आणि त्यांत आणखी भर माझ्यामुळे पडायला नको.

सहलीचे पुढारी होते दौलतबुवा. इंझोरीतले जमीनदार, गळ्यात तुळशीची माळ, मांस-मासळीचा वाससुद्धा वर्ज्य. बट्ट्या भाजायला तिकडे गोवऱ्या मिळतील की नाही या शंकेनं त्यांनी बसच्या टपावर दोन पोती गोवऱ्या चढवल्या होत्या. मी म्हटलं, "बुवा, कोकणातही गाई असतात." ते म्हणाले, "असतीन. पन त्यायच्या शेनाचा काय भरोसा? मासोया खात असतीन त्या."

त्याच बसमध्ये सुभद्राबाई इंगोले होत्या. इंझोरीच्याच, बौद्ध वस्तीतल्या. नवरा वाशीमला कचेरीत शिपाई होता, दर महिन्याला पगार येत होता, म्हणून वर्गणी भरून त्या आणि त्यांच्या दोन जावा आल्या होत्या. बाई जिभेची तिखट, पण कामाला वाघीण. त्यांनी पिण्याच्या पाण्याची कळशी आपली वेगळी आणली होती. आणा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि कशाला आणली असंही कोणी म्हटलं नाही. जेवताना त्या पंगतीच्या टोकाला, दोन पानांची जागा सोडून बसत. वाढणारा मीच. त्या दोन रिकाम्या पानांजवळून पुढे जाताना मला दर वेळी लाज वाटे, आणि दर वेळी मी पुढेही जाई.

गावात पोचलो आणि पहिलं संकट माझ्यावर आलं. तुरीची डाळ शिजेना. चुलीत निम्म्या गोवऱ्या गेल्या, डाळ आपली दाणा न् दाणा मोकळी. बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो: मचूळ पाण्यात तूर शिजत नाही, तिला गोडं पाणी लागतं. मी गंजासमोर डोक्याला हात लावून बसलो होतो तेव्हा एक कोळीण टोपली घेऊन चालली होती. हिराबाय तिचं नाव. अंगानं दणकट, कासोटा घट्ट, कानात-गळ्यात सोनं, केसांत अबोली. तिनं डाळीचं एक बोट चाखलं आणि विचारलं, "पाणी कुठचा घेतलास?"

मी समोरच्या विहिरीकडे बोट दाखवलं.

"त्या पाण्यात म्हशीपन पीत नाय. चल, तुला वखारीची विहीर दावते."

गावाच्या मागे चार दगडी भिंती उभ्या होत्या. छप्पर कधीच गेलेलं, आत जाळी सुकत टाकलेली. शेजारी एक तोफ तोंड खाली करून वाळूत रोवलेली होती आणि तिला होड्यांचे दोर बांधत. हिराबायच्या आजोबांच्या आजोबांपासून गावात सांगत आले होते की ही कापसाची वखार. घाटावरून बैलांच्या पाठीवर कापूस यायचा, इथं भरला जायचा आणि गलबतातून कुठल्या कुठे जायचा. वखारीच्या माणसांसाठी ही विहीर खणली होती. गलबतं गेली, वखारवाले गेले, पाणी तेवढं राहिलं.

ही हकीकत मी पंगतीत सांगितली तेव्हा दौलतबुवा हात धुऊन तडक वखार पाहायला गेले. भिंतीवरून हात फिरवून म्हणाले, "हा कापूस आमचाच असन. पाहा लेकाचा, माह्या आधी समुद्र पाहून गेला."

त्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजली. हिराबायला मी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी वाढली. तिनं तीन वेळा वरण मागून घेतलं आणि असलं वरण त्यांच्या पाड्यात कोणाच्या बापानं खाल्लं नसेल, असं प्रशस्तिपत्र दिलं. लग्नांत मला शाली मिळाल्या आहेत, पण त्या पत्राची सर त्यांना नाही.

सकाळी दौलतबुवा समुद्रस्नान करून, गंध लावून किनाऱ्यानं येत होते. होड्या नुकत्याच लागलेल्या. वाळूवर जवळ्याचे ढीग पडले होते. जवळा म्हणजे करंगळीच्या नखाएवढी कोळंबी, वाळवली की तिची सुकट होते. लिलाव चालू होता. त्या दिवशी सगळ्यांच्याच जाळ्यांत जवळा आलेला, आणि घेणारे मूठभर. भाव उठत नव्हता. हिराबायच्या ढिगापाशी तर बोली अशी अडकली की पुकारणारा म्हातारा एकच आकडा पुनःपुन्हा म्हणत राहिला.

आता आमच्या बाजारातली एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कारंज्याच्या धान्यबाजारात हर्रास, म्हणजे लिलाव, होते तेव्हा शेतकरी आपल्या ढिगामागे उभा असतो आणि व्यापारी पुढे. व्यापाऱ्यांनी भाव दाबला की शेतकऱ्याच्या मागे उभा असलेला दुसरा शेतकरी वरचा आकडा ओरडतो. याला आमच्याकडे रेटा देणं म्हणतात. ती बोली कोणी धरत नाही, कारण शेतकरी तूर विकत घ्यायला आलेला नसतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण चारचौघांत व्यापाऱ्याला लाज वाटते आणि तो एक पायरी वर चढतो. दौलतबुवा हे रेटा देण्यात अख्ख्या बाजारात पहिले. परक्याच्या ढिगालासुद्धा ते रेटा देत, आपला माल विकायचा राहिला तरी.

बुवांनी हिराबायकडे पाहिलं. नंतर ते मला म्हणाले की ढिगामागे उभ्या राहणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांना कुठेही ओळखू येतो. त्यांनी खणखणीत आवाजात वरचा आकडा सांगितला. घेणाऱ्यांनी वळून पाहिलं. कोणी वर जाईना, म्हणून बुवांनी स्वतःवरच आणखी एक रेटा दिला.

पुकारणाऱ्या म्हाताऱ्यानं बुवांकडे हात केला आणि ढीग त्यांना दिला. बाकीच्यांनी आपापले ढीग भरले आणि हसत निघून गेले. किनाऱ्यावर राहिले बुवा, त्यांचं गंध, त्यांची माळ आणि कंबरेएवढा जवळा.

मी धावत पोचलो तेव्हा हिराबाय टोपल्या पुढे सरकवत होती. "घे आजोबा, भर."

"मी खात नाई वो हे," बुवा म्हणाले.

तिला तेव्हा माळ दिसली. "मग बोल्लास कशाला?"

"तुह्या मालाले भाव नव्हता भेटून राह्यला, म्हणून."

हिराबायनं टोपल्या मागे ओढल्या. म्हणाली, "आमचे दर्यावर बोली म्हंजी बोली. पन तू जा. मी सांगन, पाव्हना होता, त्याला कळला नाय. घेणारं गेलं, माझ्या सुना म्हावरा घेऊन बाजारात गेल्या. मी एकटी किती वाळत घालू? दुपारपर्यंत नासंल. टाकीन परत दर्यात."

सुटका समोर उभी होती. दोन्ही हातांनी नमस्कार करून बुवांनी बसमध्ये जाऊन बसायचं होतं. पण त्यांनी आयुष्यभर एकाच जातीच्या माणसाला शिव्या दिल्या होत्या: बोली बोलून मागे फिरणाऱ्याला. आता बोली मोडली तर तो माणूस ते स्वतः झाले असते, आणि पाळली तर हात जवळ्यात घालायचा होता. सूर्य वर चढत होता.

"बोललो न मी," शेवटी ते म्हणाले. "मंग माल माहा." कमरेची कसणी सोडून त्यांनी तिथल्या तिथे पैसे चुकते केले आणि बसजवळ आले. सुभद्राबाई आपली कळशी भरून येत होत्या.

"सुभद्रा," बुवा म्हणाले, "खारोड्या-सांडगे उन्हात वायू घालतं तसं हे वायू घालता येईन का?"

सुभद्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं. अडाण नदीची मासोळी त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यांना यात काही नवल नव्हतं. पण संधी त्या सोडणार नव्हत्या. "येईन न, कायले नाई? पन बुवा, मी हात लावलेलं तुमाले चालीन का?"

"आज सारं चालते."

"आजच?" सुभद्राबाईंनी विचारलं.

बुवांनी मान खाली घातली. बाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. पदर खोचला आणि जावांना हाक मारली.

मग जे झालं ते मी पुन्हा कुठल्याही सहलीत पाहिलं नाही. उन्हाळ्यात माळवदावर कुरडया आणि सांडगे घालणाऱ्या आमच्या बायका, त्यांना वाळवण म्हटलं की थांबवता येत नाही. ज्या मासळी खात होत्या त्या आधी उतरल्या, आणि ज्या खात नव्हत्या त्या 'नुसतं पाहतो' म्हणत आल्या आणि पातळ पसरायचं कसं ते शिकवू लागल्या. बसची ताडपत्री गेली, माझी भात निथळायची कापडं गेली. एकीनं माझा झारा मागितला तेव्हा मात्र मी तो छातीशी धरून बसलो. सहलीतला झारा मी आजही घरच्यांच्या हाती देत नाही.

जवळा वाळायला कडक उन्हाचे दोन दिवस लागणार होते. म्हणजे मुंबई बुडाली. ड्रायव्हर चिडेल असं वाटलं होतं, पण तो म्हणाला, "मुंबई कुठी पयून जाते का? इथी झोप चांगली लागून राह्यली." मी आजवर मुंबई पाहिलेली नाही. म्हातारपणी याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

बुवांनी जवळ्याला बोट लावलं नाही. पण माल त्यांचा, म्हणून त्यांनी एक काम मागून घेतलं: कावळे हाकलायचं. दोन दिवस हा माळकरी बाजेवर बसून, तोंडानं नामस्मरण करत, हातातल्या काठीनं मासळीची राखण करत होता. मधेच नाम थांबे, "हाड हाड" ऐकू येई, आणि नाम जिथं सोडलं तिथून पुढे चालू होई. ही बातमी पाड्यात पसरली. गाव पाहायला आम्ही गेलो होतो, पण गावच लेकराबाळांसह बुवांना पाहायला येऊ लागलं. कोणी नारळ आणले, कोणी बुवांसाठी पोहे आणले. हिराबायनं सगळ्यांना होडीतून फिरवलं. आमची माणसं दुपारभर गुडघाभर पाण्यात उभी राहत आणि भरती आली की गावाकडच्या पुरासारखी 'पयता काहून नाई, पानी वाढून राह्यलं' म्हणत काठावर पळत. असं सुख मुंबईत मिळालं असतं असं मला वाटत नाही.

पंगतही बदलली. ज्यांच्या हाताला जवळ्याचा वास होता ते सगळे एका बाजूला बसू लागले, त्यात कोण कुठल्या वस्तीतलं हे पाहायला कोणाला सवड नव्हती. दोन पानांची रिकामी जागा तिथून उठली आणि माळकऱ्यांच्या शेजारी आली. वाढताना मला हसू आवरेना. बुवा पान पुढे ओढत म्हणाले, "महाराज, हसून नका राहू. वरन वाढा."

सुकट तयार झाली. बुवा म्हणाले, ज्यांनी वाळवली त्यांची. हिराबायनं आपला वाटा घेतला, बाकीची पोत्यांत भरली. गोवऱ्या जळून संपल्या होत्या, टपावर नेमकी तेवढी जागा झाली होती. निघताना बुवांनी हिराबायला आमचा बाजार पाहायला बोलावलं. असं आमंत्रण सगळेच देतात, येत कोणी नाही.

ती आली. पुढच्या वर्षी तुरीच्या दिवसांत, मूर्तिजापूरहून छोट्या गाडीनं कारंज्यात उतरली, सुकटीच्या मोठ्या गाठोड्यासह. गाडीत तिला ऐसपैस जागा मिळाली होती, कारण तिच्या डब्यातले लोक दुसऱ्या डब्यात गेले होते. सुभद्राबाई तिला घेऊन बाजारात आल्या. मी हंगामाची डाळ पाहायला तिथेच होतो.

दौलतबुवांचा ढीग लहानसाच होता, शेवटच्या दोन पोत्यांचा. व्यापाऱ्यांनी भाव दाबला आणि तिथेच बसले. त्या दिवशी बुवांच्या मागे रेटा द्यायला कोणी नव्हतं. आणि अचानक मागून एका बाईचा आवाज आला, वरच्या आकड्याचा.

सगळे वळले. अंगभर सोनं, केसांत फुलं, कमरेवर हात. एका व्यापाऱ्यानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "महाराज, हे पार्टी कुठली?"

मी म्हटलं, "मुंबईकडली. समुद्रावरचा माल पाहते." यातला शब्द न् शब्द खरा होता.

व्यापारी चढला. हिराबाय चढली. तो पुन्हा चढला, तीही चढली, आणि शेवटी त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि मागे सरला. अडत्या कुरकुरला की हा रेटा आहे, धरायचा नसतो. हिराबाय पुढे आली आणि तिनं कमरेची पिशवी सोडली. "बोली म्हंजी बोली. पाड्यातल्या बायकांनी वरनासाठी पैसं जमवून दिल्यात मला."

बुवा ढिगामागून पुढे आले. "बाई, तुले घ्याचीच होती त मले सांगतलं असतं. घरूनच नेली असती."

"घरून नेली असती तर तू भाव कमी लावला असता," हिराबाय म्हणाली. "मला ठावं हाय."

हमाल पुढे आला. बुवांनी त्याला हातानं थांबवलं. "तिच्या जवळ्याले मी हात नोता लावला," ते म्हणाले. "हे पोतं मीच उचलतो." त्यांनी पोत्याचं एक टोक धरलं. दुसऱ्या टोकासाठी त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. गलका ऐकून आलेली त्यांच्या भावकीतली दोन धट्टीकट्टी माणसं बाजूलाच उभी होती.

"सुभद्रा," बुवा म्हणाले, "धर."

सुभद्राबाई जागच्या हलल्या नाहीत. "आजच, बुवा?"

सगळा बाजार पाहत होता. या वेळी बुवांनी मान खाली घातली नाही. "आजपासून," ते म्हणाले.

सुभद्राबाईंनी टोक धरलं. दोघांनी मिळून पोतं स्टेशनपर्यंत नेलं, आणि मग परत येऊन दुसरंही नेलं. गाडी सुटताना हिराबायनं उरलेल्या सुकटीचं गाठोडं त्या पोत्यांच्या मधे घट्ट बसवलं. पाड्यात पोचेपर्यंत माळकऱ्याच्या तुरीला जवळ्याचा पक्का वास लागला असणार. तिकडून कोणाची तक्रार आली नाही. आणि बुवांना हे मी सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना माळ हातात धरून बसावं लागलं.